पिकअप चालू होईना!

पिकअप ही आता गावाची दुसरी बैलगाडी झाली आहे. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोणी, दुधाचे कॅन, कडबा, खत, लग्नाची भांडी, सारे काही तिच्यातून जाते. बैलगाडी होती तेव्हा बैलाची नाडी घरातल्या पोरालाही कळत असे. पिकअपची नाडी मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. चावी फिरवली की ती चालू होते, एवढेच ठाऊक.

पण एखादे दिवशी चावी फिरवतो आणि गाडी गप्प. रात्री सत्तर क्रेट भरून ठेवलेले असतात. एका क्रेटात सुमारे २० किलो टोमॅटो बसतो. म्हणजे १४०० किलो माल झाला. नारायणगावचा बाजार असो की पिंपळगाव बसवंतचा, माल वेळेवर पोचला तर भाव. नाही तर दिवसभर उन्हात क्रेट पाझरत बसायचे. तीन महिन्यांचे कष्ट, औषधपाण्याचा खर्च, तोडणीची मजुरी, सारे त्या एका चावीवर येऊन थांबते.

अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, ते या पाठात वाचू. हा पाठ डिझेलवर चालणाऱ्या पिकअपचा आहे. आपल्याकडे अशाच गाड्या जास्त आहेत.

बसलेला बैल

नांगर चालता चालता बैल खाली बसला, तर शहाणा शेतकरी काय करतो? तो लगेच काठी उचलत नाही. आधी बैलाचे तोंड पाहतो. खूर उचलून बघतो. पोट दाबून बघतो. खांद्याला हात लावतो. मग ठरवतो, की हा दमला आहे, की आजारी आहे, की खुरात काटा गेला आहे.

गाडीचेही तसेच आहे. गाडी चालू झाली नाही, की माणूस घाबरतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो. आजूबाजूला दहा माणसे जमतात. एक म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, पंप गेला. तिसरा म्हणतो, धक्का मारा. त्या गोंधळात खरे दुखणे राहते बाजूला. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार होतो. हजारो रुपये जातात आणि गाडी तिथेच.

म्हणून पहिला नियम असा: चावी बंद करा. खाली उतरा. दोन मिनिटे शांत उभे राहा. मग तपासायला लागा.

आधी माणूस, मग गाडी

गाडी घरासमोर असेल तर प्रश्न नाही. पण रस्त्यात बंद पडली असेल, तर आधी ती सुरक्षित जागी घ्या. हँडब्रेक ओढा. धोक्याचे चारही दिवे चालू करा. मागे काही अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. चढावर किंवा उतारावर असाल, तर चाकाला दगड लावा.

आणि एक गोष्ट विसरू नका. गाडी निघाली, की तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका. कित्येक जण दगड तसाच ठेवून निघून जातात. मागून अंधारात मोटारसायकल येते आणि त्या दगडावर आदळते. आपली अडचण सुटली आणि दुसऱ्याचा जीव गेला, असे होऊ नये.

गाडीत आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, तर गाडी दुरुस्त करत बसू नका. लगेच १०८ या नंबरवर फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ सालापासून चालू आहे. तिला पैसे पडत नाहीत.

गाडी चालू होते म्हणजे काय होते?

हे एकदा समजून घेतले, की पुढचे सारे सोपे जाते.

इंजिन आपले आपण फिरायला लागत नाही. त्याला आधी कोणीतरी फिरवावे लागते. पूर्वीच्या मोटारींना पुढून लोखंडी हँडल घालून हाताने फिरवत. हँडल उलटे फिरले, तर हात मोडत असे. पुढे अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या माणसाने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला. १९१२ साली तो मोटारीत आला. तेव्हापासून हाताचे काम बॅटरी करू लागली.

बॅटरी सेल्फला वीज देते. सेल्फ इंजिन फिरवतो. इंजिनात हवा ओढली जाते आणि ती जोराने दाबली जाते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाची नळी गरम लागते ना? दाबलेली हवा तापते, हेच त्याचे कारण. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडला, की तो आपोआप पेट घेतो. ठिणगी लागत नाही. हे इंजिन जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी बनवले. १८९७ साली ते नीट चालू लागले. त्यांच्याच नावावरून आपण डिझेल हा शब्द वापरतो.

म्हणजे गाडी चालू व्हायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. एक, इंजिन फिरवायला वीज. दोन, डिझेल. तीन, हवा. यातली कोणती गोष्ट अडली, ते शोधायचे. बस, एवढेच काम आहे.

कान द्या, डोळे द्या

आता पुढचे दिवे लावा आणि एकदा चावी फिरवा. गिअर न्यूट्रलमध्ये असू द्या. क्लच दाबून ठेवा. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. कान आणि डोळे उघडे ठेवा. चारपैकी एक गोष्ट होईल.

पहिली: काहीच होत नाही. दिवा नाही, आवाज नाही. बॅटरी पुरती उतरली आहे, किंवा तिच्या टोकावरची तार सुटली आहे, किंवा मोठा फ्यूज उडाला आहे.

दुसरी: टक टक टक असा आवाज येतो आणि दिवे मंद होतात. वीज थोडी आहे, पण पुरत नाही. बॅटरी कमजोर आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले अथवा गंजलेले आहे.

तिसरी: एकदाच टक वाजते किंवा तेही वाजत नाही, पण दिवे झगझगीत राहतात. वीज आहे, पण ती सेल्फपर्यंत जात नाही, किंवा सेल्फच बिघडला आहे. हे काम मेस्त्रीचे.

चौथी: सेल्फ घरघर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. म्हणजे वीज ठीक आहे. दोष बहुधा डिझेलचा आहे.

चावीच फिरत नसेल, तर घाबरू नका. स्टिअरिंगला कुलूप बसले असेल. एका हाताने स्टिअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवा आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवा. जोर करू नका. चावी तुटेल.

एक लक्षात ठेवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मग अर्धा ते एक मिनिट थांबावे. सेल्फ फार वीज खातो. सारखा मारला, तर बॅटरी उतरते आणि सेल्फही जळतो. होती ती आशाही जाते.

बॅटरीकडे पाहा

पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्यात सहा घरे असतात. प्रत्येक घर दोन व्होल्टहून थोडी जास्त वीज देते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर मीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. १२ च्या खाली गेला, तर बॅटरी रिकामी झाली असे समजावे. इंजिन चालू असताना मीटर १४ च्या आसपास दाखवतो. याचा अर्थ, इंजिन बॅटरीला परत वीज भरते आहे.

बॅटरीला दोन टोके असतात. एकावर अधिक चिन्ह असते, दुसऱ्यावर उणे चिन्ह असते. उणे टोकाची तार गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात.

चावी बंद करा आणि दोन्ही टोकांच्या पकडी हाताने हलवून पाहा. हलल्या, तर ढिल्या आहेत. पान्याने घट्ट करा. पुष्कळदा एवढ्यावरच गाडी चालू होते. खराब रस्त्यावर गाडी आदळून आदळून पकड ढिली होते.

टोकांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचली असेल, तर तीही विजेला अडवते. पकड काढून ती साफ करावी. काढताना आधी उणे टोक काढावे, मग अधिक. लावताना उलट, आधी अधिक, शेवटी उणे. असे का? अधिक टोक आधी सोडवायला गेलो आणि पाना गाडीच्या लोखंडाला लागला, तर मोठी ठिणगी उडते. उणे आधी काढले, की ही भीती उरत नाही.

गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशने टोके घासा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडी करून घट्ट बसवा. वरून थोडे व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. भुकटी हाताने पुसू नका आणि तो हात डोळ्याला लावू नका. बॅटरीत तेजाब असते. ते अंगावर उडाले, तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले, तर बराच वेळ पाण्याने धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

बॅटरीजवळ विडी, काडी, कंदील काही नेऊ नका. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. अंधारात पाहायचे असेल, तर बॅटरीचा किंवा फोनचा दिवा वापरा.

दुसऱ्या गाडीची वीज घेणे

बॅटरी उतरली असेल, तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जाड केबल जोडून आपली गाडी चालू करता येते. पण यात क्रम महत्त्वाचा आहे.

आधी हे पाहा, की दुसरी गाडीही १२ व्होल्टचीच आहे. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. त्या मिळून २४ व्होल्ट होतात. ट्रकची २४ व्होल्ट वीज पिकअपला कधीही देऊ नका. गाडीतले सारे विजेचे सामान जळून जाईल.

दोन्ही गाड्या जवळ उभ्या करा, पण एकमेकींना चिकटू देऊ नका. दोन्हींच्या चाव्या बंद ठेवा. मग असे करा:

१. लाल केबलचे एक टोक आपल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावा.
२. लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावा.
३. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला लावा.
४. काळ्या केबलचे राहिलेले टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. ते बॅटरीपासून दूर असू द्या.

शेवटचे टोक लावताना ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडू नये, म्हणून ते इंजिनाला लावायचे. आता चांगली गाडी चालू करा. चारपाच मिनिटे थांबा. मग आपला सेल्फ मारा. गाडी चालू झाली, की याच क्रमाने उलटे, चौथ्यापासून पहिल्यापर्यंत टोके काढा.

लाल-काळे उलटे लागले, तर नुकसान मोठे होते. खात्री नसेल, तर हात लावू नका.

धक्का मारणे

आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे धक्का. तो कधी उपयोगी, कधी घातक.

बॅटरी थोडी उतरली असेल, तर धक्क्याने गाडी चालू होते. बॅटरी पुरती मेली असेल, तर नव्या गाड्या धक्क्यानेही चालू होत नाहीत. कारण त्यांच्या डिझेलचा कारभार छोट्या संगणकाकडे असतो आणि त्यालाही वीज लागते. दोष डिझेलचा असेल, तर गावभर धक्का मारला तरी उपयोग नाही.

रिकामी पिकअप दीड टनाच्या पुढे भरते. माल धरून ती तीन टनांच्या आसपास जाते. सपाट जागी पाचसहा माणसे तिला ढकलतील. पण ती उताराला लागली, तर पंचवीस माणसे तिला थांबवू शकणार नाहीत. आणि इंजिन बंद असताना ब्रेक कठीण लागतो. एकदोनदा दाबला, की तो दगडासारखा होतो. स्टिअरिंगही जड होते. म्हणून घाटात, उतारावर, गर्दीत धक्का मारू नये.

सपाट मोकळ्या जागी मारायचा असेल, तर असा मारा. चावी चालू ठेवा. चावी काढून गाडी ढकलली, तर वळताना स्टिअरिंगला कुलूप बसेल. क्लच दाबा. दुसरा गिअर टाका. माणसे मागे उभी राहू द्या. पुढे कोणी नको. पोरे तर जवळपासही नकोत. गाडीने वेग धरला, की क्लच झटकन सोडा. इंजिनाने पकडले, की लगेच क्लच दाबा. मग अर्धा तास तरी इंजिन बंद करू नका. बॅटरीला भरायला वेळ द्या.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

आता डिझेलकडे पाहू. टाकीत डिझेल आहे का? हसू नका. काटा अर्धी टाकी दाखवतो आणि टाकी कोरडी असते, असे पुष्कळदा होते. काटाही बिघडतो. गाडी चढावर तिरपी उभी असेल, तर थोडे डिझेल एका बाजूला जाते आणि पाइपात हवा शिरते.

डिझेल संपून गाडी बंद पडली, तर लिटरभर टाकून भागत नाही. पाच लिटर तरी टाका. मग पाइपातली हवा काढावी लागते. शेतातल्या पंपाने हवा घेतली, की तो पाणी ओढत नाही. तसेच हे. डिझेल फिल्टरवर किंवा त्याच्या पाइपात छोटा हातपंप असतो. काही ठिकाणी तो रबरी फुग्यासारखा असतो. तो कडक लागेपर्यंत दाबत राहा. मग सेल्फ मारा.

इंजिनावर जाणाऱ्या लोखंडी पाइपांचे नट मात्र सोडू नका. नव्या इंजिनात त्या पाइपांतला दाब टायरमधल्या हवेच्या शेकडो पट असतो. त्यातून निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची पाळी येते. असे झाले, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा.

डिझेलात पाणी मिसळले असेल, तरी गाडी पकडत नाही. पिंपात साठवलेल्या डिझेलात पाणी असते. पाणी जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसते. पुष्कळ गाड्यांत त्यासाठी एक दिवा असतो. तो लागला, तर इंजिन बंद करून फिल्टरच्या तळाचा स्क्रू थोडा सैल करा आणि खाली बाटली धरा. बाटलीत खाली पाणी, वर डिझेल असे दोन थर दिसतील. शुद्ध डिझेल यायला लागले, की स्क्रू घट्ट करा. बाटलीतले पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

चुकून डिझेलच्या टाकीत पेट्रोल भरले गेले असेल, तर गाडी चालू करूच नका. चावीही फिरवू नका. आधी टाकी रिकामी करून घ्या.

फ्यूजही पाहा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा, ते लिहिलेले किंवा काढलेले असते. जळालेल्या फ्यूजची आतली तार तुटलेली दिसते. १५ नंबरचा फ्यूज जळाला, तर १५ चाच लावा. ३० चा लावू नका. तारेचा तुकडा तर मुळीच लावू नका. फ्यूज हा राखणदार आहे. राखणदाराला बांधून ठेवले, तर घर जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर आत कुठेतरी तार उघडी पडली आहे. ते मेस्त्रीला दाखवा.

गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी करत असाल, तर तारा आणि रबरी पाइप जरूर पाहा. उंदीर ते कुरतडतात. एका रात्रीत गाडी बंद पाडतात.

काही गाड्यांत चोरापासून बचाव म्हणून चावीची ओळख पटावी लागते. ओळख पटली नाही, तर समोर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकतो. मग घरातली दुसरी चावी लावून पाहा.

थंडीच्या दिवसांत

निफाडकडचे शेतकरी हे चांगले जाणतात. तिथे काही वर्षी हिवाळ्यात पारा ५ अंशांच्याही खाली जातो. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो. इंजिनातले ऑइल दाट होते. दाबलेली हवाही नीट तापत नाही.

पुष्कळ गाड्यांत इंजिन तापवणारे प्लग असतात. चावी अर्धी फिरवली, की गुंडाळलेल्या तारेच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबा. मग सेल्फ मारा. घाई करू नका. दिवा लागत नसेल किंवा सारखा लुकलुकत असेल, तर प्लग तपासून घ्या.

काही जण टाकीखाली पेटता बोळा धरतात किंवा हवेच्या नळीत पेट्रोल ओततात. हे कधीही करू नका. यात गाडी जळते आणि माणूसही.

पुराच्या पाण्यात

ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली, तर सेल्फ मारू नका. हा मोह फार मोठा असतो. पण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनात पाणी गेले असेल आणि आपण सेल्फ मारला, तर आतला लोखंडी दांडा वाकतो. इंजिनाचे काम निघते आणि खर्च डोक्यावर बसतो. माणसांना आधी बाहेर काढा. पाणी वाढत असेल, तर गाडीचा मोह सोडा. पाणी उतरल्यावर गाडी ओढून काढा आणि मेस्त्रीकडून तपासून घ्या.

मेस्त्रीशी कसे बोलावे?

मेस्त्री दूर असतो. फोन लागतो. पण आपण त्याला काय सांगतो, यावर सारे अवलंबून असते. एक बोलणे ऐका.

“मामा, गाडी चालू होईना. लवकर या. बॅटरी गेली वाटतं. इथं समदे म्हणतात, नवीन घ्या.”

“अरे पोरा, थांब जरा. समद्यांचं राहू दे. चावी फिरवल्यावर काय होतं ते सांग.”

“टक टक वाजतं.”

“अन् दिवे?”

“पिवळे पडतात.”

“काल गाडी कशी होती?”

“काल झ्याक चालू झाली. रातच्याला माल भरला तवाबी झाली.”

“बॅटरी किती दिसांची?”

“कार्डावर वाचतो, थांबा. सव्वा वर्स झालं.”

“मग एकदम कशी जाईल? चावी बंद कर. टर्मिनल हाताला हलतंय का बघ.”

“हलतंय मामा! उण्याचं हलतंय.”

“पाना आहे का गाडीत? आवळ त्याला. मग सेल्फ मार.”

थोड्या वेळाने फोनवर इंजिनाचा आवाज आला.

“झाली मामा! झाली चालू!”

“आता जा बाजारात. येताना इकडून ये. साफ करून देतो. अन् ती नवीन बॅटरी राहू दे दुकानातच.”

पाहा बरे. पहिल्या बोलण्यात पोराने रोगाचे नाव सांगितले. ते चुकीचे होते. मेस्त्रीने लक्षणे विचारली. लक्षणे कळताच उपाय सापडला. डॉक्टरलाही आपण असेच सांगतो. ‘मला टायफॉइड झाला’ असे सांगत नाही. ‘ताप येतो, डोके दुखते’ असे सांगतो.

म्हणून मेस्त्रीला या पाच गोष्टी सांगा. गाडी कोणती आणि कोणत्या सालची. चावी फिरवल्यावर आवाज कसा येतो. दिवे कसे लागतात. समोर कोणता दिवा लाल किंवा पिवळा राहतो. बंद पडण्याआधी काय झाले होते.

गाडीचे साल का सांगायचे? १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस सहा या नियमाप्रमाणे विकल्या जातात. त्यांच्यात धूर साफ करायची यंत्रणा आणि बरेच सेन्सर असतात. त्यांचा दोष शोधायला स्कॅनर लागतो. मेस्त्रीला आधी कळले, तर तो स्कॅनर घेऊन येईल. त्याची आणि तुमची एक खेप वाचेल.

गाडीची वही

आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. त्याचा उपयोग इथे करा. एक छोटी वही घ्या. ती गाडीतच ठेवा. तिच्यात लिहा: बॅटरी कधी घेतली. ऑइल कधी बदलले. डिझेल फिल्टर कधी बदलला. कोणत्या मेस्त्रीने काय काम केले. किती पैसे घेतले.

बॅटरी साधारणपणे तीनचार वर्षे चालते. घेताना तिचे हमीचे कार्ड मागून घ्या. त्यावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे की नाही, ते स्वतः वाचा. हमीच्या मुदतीत बॅटरी बिघडली, तर कार्डावर लिहिल्याप्रमाणे ती बदलून किंवा सवलतीत मिळते. ज्याच्याजवळ कार्ड नाही, तो पुन्हा पूर्ण पैसे भरतो.

रोज सकाळी उठून पुन्हा पुन्हा बॅटरी उतरलेली सापडत असेल, तर नवी बॅटरी घेऊ नका. आधी कारण शोधा. रात्री केबिनचा दिवा चालू राहतो का? टेप चालू राहतो का? इंजिन चालू असताना बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो का? तो लागत असेल, तर डायनेमो वीज भरत नाही, किंवा त्याचा पट्टा ढिला झाला आहे. फुटक्या रांजणात पाणी भरून काय उपयोग?

गाडीत एवढे सामान असू द्या: दोन पाने, एक पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर, चार फ्यूज, जाड केबल, दोरखंड, हातमोजे, दिवा आणि ही वही. सारे मिळून एका पिशवीत मावते.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, माल भरायच्या आधी, गाडी एकदा चालू करून पाहा. तेव्हा दोष कळला, तर मेस्त्री भेटतो, शेजाऱ्याची गाडी मिळते. पहाटे चारला कळला, तर कोणीच भेटत नाही. पेरणीच्या आधी आपण पाभर तपासतोच ना?

उत्तरे सांगा व वहीत लिहा

१. गाडी चालू व्हायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. टक टक आवाज येतो आणि दिवे मंद होतात. आधी काय पाहाल?
३. बॅटरीच्या पकडी काढताना कोणते टोक आधी काढावे? का?
४. मोठ्या ट्रकची वीज पिकअपला का देऊ नये?
५. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ का मारू नये?
६. चाकाला लावलेल्या दगडाचे शेवटी काय करावे?
७. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीचे कार्ड वाचा. त्यावरची तारीख वहीत उतरवून घ्या.